मातीला जाणारे सभापती

श्रीमंत बळीराम चेवले यांना रेणापूर तालुक्यात सगळे सभापती म्हणतात. खरं म्हणजे ते सभापती कधीच नव्हते. पंचायत समितीत ते अडीच वर्षं उपसभापती होते, आणि त्यालाही आता वीस वर्षं उलटून गेली. पण आपल्याकडे एकदा चिकटलेलं पद निघत नाही, आणि 'उप' तर बोलण्याच्या घाईत पहिल्याच दिवशी गळून पडतो. श्रीमंतरावांनीही तो उचलून परत लावायचा आग्रह कधी धरला नाही.

त्यांचं सगळं राजकारण उभं राहिलं ते मातीवर. शेतीवर नव्हे. आमच्या भागात अंत्यविधीला माती म्हणतात. जाळायचं असो की पुरायचं, लोक जातात ते मातीलाच. आणि चितेला अग्नी देण्याआधी चार प्रतिष्ठितांनी पुढं होऊन दोन शब्द बोलायचे, अशी पद्धत आहे. शहरातल्या माणसाला याचं नवल वाटतं. घरची माणसं उन्हात उभी, सरण रचून तयार, आणि एक जण घसा खाकरून सुरू करतो, "आज या गावावर दुःखाचा डोंगर कोसळला." हसायला सोपं आहे. पण ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांना विचारा. कोण बोललं हे त्या घरात वर्षानुवर्षं लक्षात राहतं, आणि कोण आलंच नाही हे त्याहून जास्त.

श्रीमंतराव तिशीत असताना शेजारच्या गावात एका म्हाताऱ्या सालगड्याच्या मातीला गेले होते. बोलायला कोणी पुढं होईना, कारण ज्याच्यावर बोलावं एवढा तो माणूस मोठा नव्हता. श्रीमंतराव पुढं झाले आणि असे बोलले, की सालगड्याला उभं आयुष्य राबवून घेणारा मालकही उपरण्यानं डोळे पुसायला लागला. तिथून त्यांना बोलावणी येऊ लागली. दोन हजार दोन साली याच जोरावर ते पंचायत समितीला एकसष्ट मतांनी निवडून आले. ज्यांच्या ज्यांच्या घरी ते मातीला गेले होते, त्या घरांनी त्यांना मतं दिली, असा त्यांचा स्वतःचा हिशोब होता आणि तो फारसा चुकीचाही नसावा.

त्यांना खरी ओढ होती जिल्हा परिषदेची. तिथं काही केल्या गाडी पोचेना. एकदा त्यांचा गट, म्हणजे परिषदेचा मतदारसंघ, महिलांसाठी राखीव निघाला. एकदा ते उभे राहिले आणि पडले. एकदा गट भलत्याच प्रवर्गाला सुटला. पुढची निवडणूक तर चार वर्षं झालीच नाही, परिषदेत प्रशासक बसला. दुसरा असता तर एवढ्यात घरी बसून नातवंडं खेळवली असती. श्रीमंतराव आपले मातीला जात राहिले. कधी एका दिवसात दोन, थंडीच्या दिवसांत तीनसुद्धा.

"तुमच्या कपड्याचा धुराचा वास आता साबनानं बी जाईना झालाय," त्यांची बायको शिवकन्या म्हणायची. तरी रोज सकाळी ती इस्त्रीचे पांढरे कपडे खुंटीला लावून ठेवायची.

एक गोष्ट मात्र लोकांना माहीत नव्हती. श्रीमंतरावांची याददाश्त म्हणजे काय चीज आहे, असं सगळा तालुका म्हणायचा. प्रत्यक्षात त्यांच्या लक्षात एकही नाव राहत नसे. म्हातारा दिसला की ते म्हणायचे अप्पा, म्हातारी दिसली की मावशी, आणि मिसरूड फुटलेला दिसला की पैलवान. बाकीचं काम दस्तगीरचं. दस्तगीर रेणापूरच्या शिंप्याच्या घरातला, त्यांचा जुना दोस्त आणि त्यांच्या बोलेरोचा ड्रायव्हर. गाव आलं की गाडी चालवता चालवता तो सांगायचा, गेलेल्याचं नाव काय, पोरं किती, जावई कुठले, माणूस कशासाठी ओळखला जायचा. मग श्रीमंतराव चितेपुढं उभे राहून ते सगळं असं मांडायचे की जणू कालच दोघांनी एका ताटात भाकरी मोडली होती. आणि दस्तगीरची माहिती कमी पडली तर त्यांच्याजवळ चार-पाच वाक्यं कायमची तयार असायची. माणूस साधा, पण मन राजाचं. दारात आलेला कोणी उपाशी गेला नाही. आयुष्यात कोणाकडे कधी काही मागितलं नाही. ही कोणालाही बसायची. मेलेला माणूस काही उठून नाही म्हणत नाही.

यंदाच्या हिवाळ्यात अखेर गट सर्वांसाठी खुला झाला. श्रीमंतराव त्रेसष्टचे. यंदा नाही तर कधीच नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि घरच्यांनाही. पक्षाचे जिल्ह्याचे नेते लातूरला बसतात, त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात. साहेबांनी शब्द दिला, "तिकीट तुमचंच समजा. फक्त मोहगव्हाण सांभाळा." मोहगव्हाण हे गटातलं सगळ्यात मोठं गाव. ते ज्याच्या मागं, त्याचा गुलाल.

आणि त्याच आठवड्यात मोहगव्हाणहून फोन आला, की रामलिंग सुरवसे गेले, अकराला माती आहे.

दस्तगीर त्या दिवशी नांदेडला होता. त्याच्या भाचीची, बुशराची, मंगनी होती. गाडी श्रीमंतरावांनी स्वतःच चालवायला घेतली आणि वाटेतून त्याला फोन लावला.

"दस्तगीर, मोहगव्हाणचे रामलिंग सुरवसे म्हंजे कोन रे?"

पलीकडं बिर्याणीची डेग उतरवायची गडबड चालली होती. "आरे गुरुजी की! रिटायर मास्तर. शाळंला दोन खोल्या बांधून दिल्या त्येनी. झाडं लावली, समदा रस्ता हिरवा केला. काय झालं?"

"गेले."

"या अल्ला. लई चांगला आदमी."

आता मोहगव्हाणात देऊळ रामलिंगाचं. नवस रामलिंगाला, आणि नवसानं झालेल्या पोराचं नावही रामलिंग. दर चार घरांमागं एक रामलिंग सापडतो, आणि एकट्या सुरवश्यांच्या भावकीतच तेव्हा दोन होते. एरवी दस्तगीरनं पहिला प्रश्न हाच विचारला असता, की कोणता रामलिंग. त्या दिवशी त्याच्या एका कानाला फोन होता आणि दुसऱ्या कानाला व्याही.

श्रीमंतराव पोचले तेव्हा सरण रचून झालं होतं. तोंड झाकलेलं. माणसं बेताचीच होती, एवढ्या मोठ्या गुरुजींच्या मानानं फारच बेताची. हे त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. पण निवडणूक तोंडावर आलेल्या माणसाला गर्दी कमी दिसली की आपली संधी तेवढी मोठी दिसते. ते पुढं झाले आणि अकरा मिनिटं बोलले. गुरुजींनी घडवलेल्या तीन पिढ्या झाल्या, शाळेच्या दोन खोल्या झाल्या, रस्त्याची झाडं झाली. "आज ती झाडंही रडत असतील," असं म्हणताना त्यांचा स्वतःचाच आवाज कापला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पण मातीला बोलणाऱ्या पाहुण्याला मध्येच तोडत नाहीत. दोघा-तिघांनी तेवढे मोबाइल वर धरले.

भाषण संपलं तसे मागं दगडावर बसलेले एक म्हातारे काठी टेकत उठले. मफलर सोडून त्यांनी तोंड मोकळं केलं.

"सभापती," ते म्हणाले, "लई चांगलं बोलला. पर म्या हाय अजून. सरनावर आमच्या भावकीतला रामलिंग हाय, ज्ञानोबाचा."

काही माणसं ओढ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि त्यांच्या पाठी हलायला लागल्या. स्मशानात हसू नये म्हटलं की ते आणखीच येतं. न हसणारा एकच, अग्नी द्यायला उभा असलेला मेलेल्याचा पुतण्या. तो खाली बघत होता.

संध्याकाळपर्यंत ते अकरा मिनिटांचं भाषण दीड मिनिटाचं होऊन, मागं गाणं लावून, तालुक्याच्या प्रत्येक फोनवर पोचलं. साहेबांचाही फोन आला. आधी ते पोटभर हसले. मग म्हणाले, "गुरुजींच्या पाया पडा, फोटो काढा, ग्रुपवर टाकून द्या. विषय संपवा."

दुसऱ्या दिवशी परत आलेल्या दस्तगीरला घेऊन श्रीमंतराव गुरुजींकडे गेले. गुरुजींनी त्यांना पाया पडू दिलं नाही.

"माझं काय नुकसान झालं?" ते म्हणाले. "माझ्या मातीत काय बोलतील ते जित्तेपनी ऐकाया मिळालं. माफी मागायचीच तर तिकडं जा." आणि त्यांनी काठीनं गल्लीच्या टोकाचं पत्र्याचं घर दाखवलं.

त्या घरात मेलेल्या रामलिंगांची बायको भिंतीला टेकून बसली होती. बोलायला त्यांची मुलगी शिल्पा होती. ती नांदेडला दिलेली, तिथंच एका दवाखान्यात नर्स आहे. श्रीमंतरावांनी हात जोडले आणि नाव सारखं असल्यामुळं घोटाळा झाला, असं सांगितलं.

"नाव सारखं हाय, चुकतं मानसाचं," शिल्पा म्हणाली. "त्याचं काय न्हाई. पर तुमी माझ्या बापाला वळखत न्हवता का?"

"न्हाई बाई. गाठ पडायचा योग आला न्हाई."

"बावीस खेपा तुमच्या वसरीवर येऊन बसले ते. श्रावणबाळच्या पगारासाठी. दर खेपेला माझ्या आईला सांगून जायचे, आज होतंय म्हनून. कागद बी तुमच्याच हातात दिले होते."

श्रावणबाळ म्हणजे म्हाताऱ्या माणसांना मिळणारं सरकारी मानधन, गावात त्याला पगारच म्हणतात. तो मंजूर करणाऱ्या समितीवर श्रीमंतराव होते. त्यांच्या घरापुढच्या वसरीवर रोज दहा-वीस माणसं बसायची. ते चहा सांगायचे, खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, अप्पा, सांगितलंय, होऊन जाईल. त्यातला हा अप्पा कोणता, हे त्यांना आठवेना.

दस्तगीर गाडीकडे गेला. डॅशबोर्डच्या खणातून जुनी निमंत्रणं, उदबत्तीचे पुडे, कोणाकोणाचे अर्ज काढता काढता तळातून एक घडी घातलेला कागद निघाला. त्यावर फोटो चिकटवलेला होता. टोपी, मोठे कान, फोटो काढताना ताठ बसलेला माणूस. श्रीमंतरावांनी तो चेहरा नीट पाहिला तो तिथं, रस्त्यावर उभं राहून. आता आठवला. कोपऱ्यात बसायचा, चहा झाला की कप स्वतःच विसळून ठेवायचा. त्यांना मनापासून लाज वाटली.

ते परत आत गेले. शिल्पानं कागदाला हातही लावला नाही.

"तेराव्याला या," ती म्हणाली. "बोला. पर माझ्या बापाबद्दल बोला. ते तुमच्याकडं येत होते आन् तुमी काय केलं, तेवढं सांगा. गावात लोक म्हनायचे, म्हातारा येडा हाय, फुकटचे हेलपाटे घालून राह्यलाय. ते येडे न्हवते."

तेरावा होता मंगळवारी. तिकिटाचा बी फॉर्म मिळणार होता बुधवारी, लातूरला, अकरा वाजता.

मधले दहा दिवस श्रीमंतराव घरात येरझारा घालत होते. काय बोलायचं, कुठून सुरू करायचं. शेवटी शिवकन्या वैतागली. "खरं बोलाया एवढी तयारी लागती व्हय?" ती म्हणाली. मोहगव्हाणला जाताना गाडीत दस्तगीर मात्र म्हणाला, "सभापती, कॅमेरे असतेत. उद्या फॉर्म हाय. जरा गोल बोला, तिला बी बरं वाटंल आन् आपलं बी निभंल." पण श्रीमंतरावांचं ठरलं होतं. सांगायचं.

घरापुढं मांडव घातला होता. या वेळी गर्दी होती. भाषण ऐकायला म्हणून पाच गावची माणसं आली होती. श्रीमंतराव उभे राहिले. "कैलासवासी रामलिंग ज्ञानोबा सुरवसे," असं पूर्ण नाव घेतलं, चुकले नाहीत. दोन वाक्यं नीट गेली. मग पुढचं अवघड वाक्य आलं, आणि त्यासाठी त्यांनी श्वास घेतला तेवढ्यात जिभेनं तिची रोजची वाट धरली.

"अप्पांनी आयुष्यात कोणाकडे कधी काही मागितलं नाही," ते म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांना ऐकू आलं. समोरच्या माना सवयीनं डोलल्याही.

बायकांच्या बाजूनं शिल्पा उठून उभी राहिली. ओरडली नाही. "मागितलं की," ती म्हणाली. "तुमच्याकडं मागितलं."

मोबाइल वर झाले. अशा वेळी निसटायच्या वाटा श्रीमंतरावांना तोंडपाठ होत्या. डोळे पुसायचे, मुलगी दुःखात आहे म्हणायचं, तिला लेक म्हणून जवळ घ्यायचं. लोकांनी टाळ्यासुद्धा दिल्या असत्या. त्यांनी माईक थोडा खाली केला.

"हाव," ते म्हणाले. "मागितलं. बावीस खेपा आले. त्यांचा कागद माझ्या गाडीत पडला होता, म्या म्होरं दिलाच न्हाई. दर खेपेला होतंय म्हनून खोटं सांगत राह्यलो. मानूस येडा न्हवता. माझ्यावर इस्वास ठेवला, एवढंच." आणि ते खाली बसले. तीस वर्षांतलं हे त्यांचं सगळ्यात लहान भाषण होतं.

टाळी पडली नाही. कीर्तनाला आलेले महाराज पुढच्या अभंगाला लागले. श्रीमंतराव उठून गाडीत जाऊन बसले, दस्तगीरनं चावी फिरवली आणि तेवढ्यात साहेबांचा फोन आला. दहा मिनिटांत व्हिडिओ लातूरला पोचला होता.

"ऐका, सभापती," साहेब शांतपणे म्हणाले. "घाबरू नका. हल्ली आवाजसुद्धा नकली करता येतो, लोकांना हे माहीत झालंय. व्हिडिओ बनावट आहे, विरोधकांनी बनवलाय, असं पत्रक मी तासाभरात काढतो. मांडवातली शे-दोनशे माणसं सोडली तर बाकी गट मानेल. तुम्ही फक्त हो म्हणा आणि उद्या अकराला फॉर्म घ्यायला या."

श्रीमंतरावांनी मांडवाकडे पाहिलं. शिल्पा आईला काहीतरी सांगत होती, आणि म्हातारी पहिल्यांदाच मान वर करून बसली होती. व्हिडिओ खोटा ठरला म्हणजे ही पोरगी खोटी ठरली, आणि तिचा बाप पुन्हा येडा. एवढं त्यांना कळत होतं. पण त्यांना जिल्हा परिषद हवी होती. तरुणपणापासून हवी होती, दुसरं काही इतकं कधी हवंच नव्हतं.

"साहेब," ते म्हणाले, "व्हिडिओ खरा हाय."

"नीट विचार करून सांगा."

"केला."

"बरं," साहेब म्हणाले, आणि फोन बंद झाला.

फॉर्म दुसऱ्या दिवशी एका खडीक्रशरवाल्याच्या मुलाला मिळाला. पण श्रीमंतराव आणि दस्तगीर दोघांनाही ते गाडीतच कळून चुकलं होतं. दस्तगीरनं गाडी बंद केली आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. "तीस साल, सभापती," तो म्हणाला. "तीस साल आपुन मातीला गेलो." श्रीमंतरावांना त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, आणि त्यांनी तो ठेवला.

मांडवात पंगत बसत होती. तेराव्याला येऊन श्रीमंतराव कधी जेवत नसत. भाषण झालं की पुढच्या गावाला निघायचं, हा रिवाज. आज ते उतरले, चपला काढल्या आणि पंगतीच्या शेवटी जाऊन बसले. दस्तगीरही शेजारी येऊन बसला. शेजारच्या माणसानं मांडी सारून जागा केली.

वाढायला शिल्पाच होती. त्यांच्या पत्रावळीपाशी ती क्षणभर थांबली. मग वाकून भात वाढला, वरण घातलं, तूप सोडलं आणि पुढं गेली. दुसऱ्या फेरीला परत आली तेव्हा त्यांचा भात संपला होता.

"आजून वाढू का," तिनं विचारलं, "का निघायचंय तुमाला?"

"वाढ बाई," श्रीमंतराव म्हणाले. "आता मला कुठं जायचं न्हाई."